डावीकडे चार पट्ट्या

चिमटे हवे होते म्हणून मी त्या टेबलाकडे गेले, नाहीतर मी कशाला तिकडे मरायला जाईन. बादलीत ओल्या चादरी, दोरी रिकामी, आणि कपडे वाळत घालायचे माझे सगळे चिमटे ह्यांच्या हातभर लांबीच्या लाकडी जहाजाला लावलेले. हे काही आजचं नाही. लाकडाची पातळ पट्टी गरम पाण्यात भिजवायची, हळूहळू वाकवायची, सरस लावून जहाजाच्या फासळ्यांवर बसवायची आणि वाळेपर्यंत हलू नये म्हणून तिला चिमटे लावून ठेवायचे. पस्तीस वर्षं हे चाललंय, आणि पस्तीस वर्षं आमच्या उशांचे अभ्रे उडून खालच्यांच्या गॅलरीत पडतायत. अर्धांगाचा झटका आल्यापासून ह्यांचं चालणं कमी झालं, बोलणं तर मुळातच कमी होतं ते जवळजवळ संपलं, पण चिमटे पळवणं काही थांबलं नाही. आतल्या खोलीत व्यायामाच्या बाई ह्यांच्याकडून हात वर-खाली करून घेत होत्या. ‘एक, दोन, हं, अजून वर, काका’ असं ऐकू येत होतं. मी चिमटे काढायला लागले. उजव्या बाजूचे बारा निघाले. मग टेबलाला वळसा घालून डाव्या बाजूला गेले, तर तिथे चिमटा नाही. चिमटाच काय, पट्टीही नाही. वरच्या काठाशी चार पट्ट्या होत्या, त्यांच्या खाली नुसत्या उघड्या फासळ्या, आणि त्या फासळ्यांमधून पलीकडच्या बाजूचं लाकूड आतून दिसत होतं, सरसाचे ओघळ आलेलं. पलीकडे मोजलं तर पंधरा पट्ट्या. अगदी तळापर्यंत, एकाला एक लागून, नखही जाणार नाही अशा. मी चिमटे ओंजळीत घेऊन तशीच उभी राहिले.

कारण ह्या माणसाने आयुष्यात एक नियम मोडला नव्हता आणि तो हाच. एक पट्टी डावीकडे, एक उजवीकडे. ती वाळली की पुढची डावीकडे, मग पुढची उजवीकडे. हे मी लग्नानंतर महिन्याभरात शिकले. नवीन नवरा नव्या बायकोला काय काय सांगत असेल, ह्यांनी मला हे सांगितलं. वाकवलेल्या लाकडाला सरळ व्हायचं असतं, ते सगळा सांगाडा आपल्याकडे ओढतं, म्हणून दोन्हीकडून सारखी ओढ पाहिजे, नाहीतर तळाचा कणा वाकतो, आणि एकदा वाकला की जहाज संपलं. मला हे पटलं होतं, कारण मी शिवणारी. कोटाची एक कड आधी ओढून शिवली की दुसऱ्या बाजूला चुण्या पडणारच. मी मागच्या टोकाशी वाकले, एक डोळा मिटला आणि कापडाची कड बघते तसं बघितलं. कणा सरळ नव्हता. अर्ध्यापर्यंत बरा होता, मग हळूच उजवीकडे कलला होता, आणि पुढचं टोक तर चक्क खिडकीच्या बाजूला तोंड करून बसलं होतं. चाळीस वर्षं नकाशांच्या कचेरीत केसाएवढी रेघ चुकू न देणारा माणूस! महिनोन्‌महिने खपून केलेलं सगळं वाकडं झालं होतं आणि त्याच टेबलाशी रोज तीन तास बसून ह्यांना ते दिसलं नव्हतं. काल संध्याकाळीच त्याच्यावर बोट फिरवून म्हणाले होते, ‘झकास चाललंय.’ मला नव्हे, असंच, खिडकीकडे बघून.

डावीकडे चार, म्हणजे तेव्हा उजवीकडेही चारच असणार, म्हणजे बरोबर झटक्याच्या दिवसापर्यंत. दिवस विसरण्यासारखा नाही. मंगळवार होता, मी एका बाईंच्या पडद्यांची खालची पट्टी मारत होते, आणि ह्यांना तिसऱ्यांदा विचारत होते की लेकीकडे महिनाभर जायचं का. लेक बोलावत होती, तिकिटं ती काढणार होती, ह्यांनी फक्त हो म्हणायचं होतं. हे म्हणाले, ‘पट्ट्या भिजत घातल्यात.’ एवढंच. महिनाभर जायच्या प्रश्नाला हे उत्तर! अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. मशीन थांबवून मी उठले, टेबलाशी गेले आणि म्हटलं, ‘तुमच्याबरोबर माझं आयुष्य फुकट गेलं.’ ओरडले नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं, ओरडलेलं कोणी धरून ठेवत नाही. मी नीट, सावकाश, एकेक शब्द ठेवल्यासारखं बोलले. हे हातातली पट्टी वाकवत होते, ती थांबली. मान वर केली नाही. मी परत येऊन मशीनवर बसले आणि मुद्दाम जोरात चालवायला लागले, म्हणजे ते काही बोलले तरी ऐकू येऊ नये. थोड्या वेळाने पाण्याचं भांडं पडल्याचा आवाज आला. मला वाटलं रागाने आपटलं असेल. उठले, पण शिवण टोकाला नेऊन मग उठले. हे खुर्चीतून डावीकडे घसरले होते, तोंडाची एक कड ओघळलेली, आणि गरम पाणी सगळीकडे.

तेव्हापासून नऊ आठवडे मी एकाच गोष्टीची वाट बघत होते. ह्यांनी ते वाक्य ऐकलं होतं का, एवढंच मला कळायला हवं होतं. विचारायची हिंमत नव्हती. दवाखान्यात डॉक्टर भराभर बरंच काही सांगत होते, डाव्या बाजूचं काहीतरी, लक्षाचं काहीतरी, मी औषधांच्या वेळा तेवढ्या लिहून घेतल्या. आणि घरी आल्यावर माझी खात्रीच पटली की ऐकलंय, चांगलं ऐकलंय, आणि आता त्याची शिक्षा चाललीय. कारण ह्यांचा राग मला पाठ आहे. हे भांडत नाहीत. तोंडाला कुलूप लावतात आणि तुम्ही घरात नाहीच असं वागतात. एकदा अकरा दिवस बोलले नव्हते, लेक तेव्हा सहा वर्षांची होती, ती बिचारी निरोप पोचवायची. ह्या वेळी त्याच्या वरताण चाललं होतं. जेवायच्या टेबलाशी मी ह्यांच्या डाव्या हाताला बसते, लग्नापासून तीच माझी जागा, स्वयंपाकघराचं दार तिकडे म्हणून. मी काही विचारलं की हे उजवीकडे मान वळवायचे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरला उत्तर द्यायचे. ‘मीठ हवंय का?’ तर कॅलेंडरला म्हणायचे, ‘नको.’ माझ्याकडे एकदासुद्धा बघितलं नाही. दाढी करायचे ती उजव्या गालाची, डावा तसाच खुंटांचा, जणू मला सांगायचं होतं, तुझ्या बाजूला मी असाच राहणार. भाकरी संपवायचे, डाळ संपवायचे, आणि ताटात डावीकडे भाजीचा ढीग जसाच्या तसा ठेवून विचारायचे, ‘आज पण भाजी नाही?’ मी मनात म्हणायचे, वा! आता टोमणे मारायलाही लागले. एकदा तर मी रागाने म्हटलं, ‘नाही, संपली.’ हे ‘बरं’ म्हणाले आणि उठले. ती भाजी मी सिंकशी उभी राहून खाल्ली आणि खाताना रडले, स्वतःचाच राग येऊन.

खरं म्हणजे ते वाक्य त्या मंगळवारी तयार झालेलं नव्हतं, ते जुनंच होतं. पहिल्या वर्षी आमची एकच खोली होती आणि ह्यांचं पहिलं जहाज पलंगाखाली असायचं. मी म्हटलं होतं, शिडं मी शिवते. किती आनंदाने म्हटलं होतं मी! जुन्या रुमालाचं मऊ झालेलं कापड, चहाच्या पाण्यात बुडवून पिवळट केलेलं, आणि हाताने घातलेले टाके, डोळ्याला पाणी येईल इतके बारीक. नऊ शिडं. पंधरा दिवस लागले. ह्यांनी भिंग घेतलं, एकेक शीड खिडकीशी धरून बघितलं आणि म्हणाले, ‘टाके मोठे आहेत. खऱ्या जहाजाच्या हिशेबात वीतभर लांबीचे झाले.’ त्यात वाईट बोलायचा हेतू नव्हता, हे मला आज कळतं आणि तेव्हाही कळलं असावं. ह्यांनी ब्लेड घेऊन माझ्यासमोर बसून ते सगळे टाके उसवले, नीट, कापडाला धक्का न लावता, आणि शिडांवर पेन्सिलीने शिवणीच्या रेघा काढल्या. छान दिसल्या रेघा. येणारा-जाणारा कौतुक करायचा. मी त्यानंतर जहाजाला हात लावला नाही आणि ह्यांना ते जाणवलंही नाही. बाईमाणसाला नवऱ्याने मारलं तर चार माणसं काहीतरी म्हणतात. टाके उसवले म्हणून कोणाकडे जाणार? सांगितलं असतं तर लोक हसले असते, आणि मीसुद्धा हसले असते त्यांच्याबरोबर. मग लेक झाली, घरं बदलली, जहाजं सात झाली, आणि मी लोकांचे कोट उसवत आणि शिवत राहिले.

व्यायामाच्या बाई पिशवी खांद्याला लावून बाहेर आल्या तेव्हा मी अजून चिमटे ओंजळीत घेऊन उभी होते. त्यांना मी जहाज दाखवलं. म्हटलं, ‘हे बघा, एकाच बाजूला पट्ट्या लावल्यात. असं कसं केलं ह्यांनी?’ बाईंनी जहाजाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि त्यांचा चेहरा एकदम बदलला.

‘काकू, तुम्हाला हे सांगितलं नव्हतं का कोणी? काकांना डावी बाजू उरलेलीच नाहीये.’

‘दिसत नाही डावीकडचं?’

‘डोळे चांगले आहेत हो. दिसतं. पण डावीकडे काही आहे हेच मेंदू धरत नाही. ताटाची डावी बाजू, स्वतःचा डावा गाल, डावा हात. मी रोज त्यांना म्हणते, डावा हात उचला, तर ते उजवाच पुन्हा उचलतात. तिकडून कोणी बोललं तरी उजवीकडेच शोधतात. मुद्दाम नाही करत.’

‘मुद्दाम नाही?’ मी विचारलं. ‘नाही हो,’ त्या म्हणाल्या, ‘त्यांना काही कमी आहे हेसुद्धा माहीत नाही.’ मग त्यांनी काय काय करायचं ते सांगितलं, डावीकडून बोलत राहायचं, ताटाच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावायची म्हणजे नजर तिथवर ओढली जाते, चिडायचं नाही, थोडं थोडं परत येतं कधी कधी, कधी नाही येत. मी मान हलवत होते. त्या गेल्यावर मी चादरी वाळत घातल्या, कारण त्या घालायच्या होत्या. कोणाला वाटेल मला सुटल्यासारखं झालं असेल. नऊ आठवडे उगाच जीव टांगणीला लावला होता, राग नव्हताच, सगळा मेंदूतला बिघाड. पण मला हलकं वाटलं नाही. राग होता तोवर निदान मी त्या रागात होते. हा माणूस रोज माझ्यावर रागावतोय, म्हणजे रोज मला डोक्यात घेऊन बसतोय, असं काहीतरी मी धरून ठेवलं होतं. आता कळलं की त्या बाजूला कोणीच नव्हतं. दोरीला चिमटा लावताना वाटलं, पस्तीस वर्षं मी डावीकडेच बसतेय. मग स्वतःलाच म्हटलं, पुरे, उगाच काहीतरी जोडू नकोस, झटका नऊ आठवड्यांपूर्वी आलाय.

दुपारी जेवताना मी ह्यांचं ताट गुपचूप फिरवलं. ‘अरे, भाजी होती की,’ हे म्हणाले आणि सगळी संपवली, बोटं चाटूनपुसून. मग झोपले. मी टेबलाशी जाऊन बसले. मनात एक वेडगळ बेत होता. मला उसवता येतं, आयुष्यभर तेच करत आलेय, उजवीकडच्या अकरा पट्ट्या काढायच्या आणि दोन्हीकडून सारख्या लावायच्या, ह्यांना कळायच्या आत. बारीक सुरी घेऊन सगळ्यात खालच्या पट्टीखाली घातली. सरस टाक्यासारखा सुटत नाही. पट्टी निघाली ती फासळीचा तुकडा घेऊन निघाली. मी घाबरून हात मागे घेतला. मग डावीकडे एक पट्टी लावून बघितली, भिजवून, वाकवून, चार चिमटे लावून. ती बसली, पण वाकलेल्या कण्याला काही फरक पडला नाही, पडणारच नव्हता. तरी मी तिच्याकडे बघत बसले. त्या शिडांनंतर मी पहिल्यांदा ह्यांच्या जहाजाच्या कामाला हात लावला होता, आणि तो अशा बाजूला की ह्यांना कधीच दिसणार नव्हता.

पाच वाजता हे काठी टेकत आले आणि आपल्या खुर्चीत बसले. निघालेली पट्टी ह्यांना लगेच दिसली. ‘सुटली ही,’ म्हणाले आणि सरसाची बाटली ओढली. मी मशीनसमोरचं स्टूल उचललं, ह्यांच्या उजव्या हाताला ठेवलं आणि बसले. हे दचकले. मग माझ्याकडे बघितलं, सरळ, दोन्ही डोळ्यांनी, इतका वेळ की मी पदर नसलेल्या खांद्यावर उगाच हात फिरवला. किती दिवसांनी कोणी माझ्याकडे बघत होतं.

‘आलीस?’ हे म्हणाले.

‘मी कुठे गेले होते?’

‘जेवायला बसत नाहीस माझ्याबरोबर. ताट मांडतेस आणि जातेस. आवाज येतो तुझा घरातून कुठून तरी, पण येऊन बसत नाहीस.’ बोलताना शब्द थोडे घसरत होते, पण एवढं बोलताना मी ह्यांना कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. ‘म्हटलं, बोललीस तसं केलंस. सोडलंस मला. घरातल्या घरात.’

म्हणजे ऐकलं होतं. ऐकलं होतं आणि हेही नऊ आठवडे जेवायला एकटेच बसत होते, माझ्या शेजारी, मी त्यांच्या, आणि दोघंही समजत होतो की दुसऱ्याने तोंड फिरवलंय. ‘मग विचारायचं नाही का हो?’ मी म्हटलं. ‘एका शब्दाने विचारलं असतं तर?’

‘भीती वाटली.’

हे ह्यांनी असं सांगितलं की काल पाऊस आला होता म्हणावं. मी ह्यांच्या हातातली पट्टी एका टोकाला धरली, नाहीतर हात रिकामा काय करणार. ह्यांनी दुसरं टोक सरसात बुडवलं आणि मग न लावता तसंच धरून ठेवलं. ‘खरंच फुकट गेलं का तुझं?’ हे म्हणाले. ‘मी विचार करतोय. मला एवढा वेळ मिळाला विचार करायला. मी काही वाईट वागल्याचं मला आठवत नाही. तू सांग. खरंच?’

हाच प्रश्न मला हवा होता. पहिल्या वर्षापासून हवा होता, निदान टाके उसवून झाल्यावर तरी. आणि उत्तर तर साधं होतं, सगळ्या बायकांना येतं, ‘रागात बोलले हो, तेवढं काय मनावर घ्यायचं.’ ते माझ्या तोंडात अगदी पुढे येऊन थांबलं होतं. म्हणून टाकलं असतं की ह्यांचा चेहरा सैल झाला असता, पट्टी लागली असती, चहा झाला असता, आणि उरलेले दिवस बरे गेले असते. पण ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मला काही विचारलं होतं आणि त्याला मी खोटं बोलणार होते. ह्यांचे डोळे माझ्यावर होते. आजारी माणसाचे, घाबरलेले. ह्या डोळ्यांकडे बघून मला खरं सांगता येईना आणि खोटंही सांगता येईना. मी पट्टी खाली ठेवली, उठले आणि ह्यांच्या पाठीमागून वळसा घालून डावीकडे जाऊन उभी राहिले, खुंट वाढलेल्या गालाशी. तिथे मी सुरक्षित होते. तिथे मी नव्हतेच. मांडीवर ह्यांचा डावा हात पडला होता, कोणीतरी विसरून गेल्यासारखा. मी तो उचलून दोन्ही हातांत घेतला. गरम होता. कचेरीत नकाशा दाबून धरताना शाईचा डाग पडायचा त्या बोटांवर आता काहीच नव्हतं.

‘हो,’ मी म्हटलं. ‘खरं होतं.’

ह्यांनी मान वळवली. स्टुलाकडे. स्टूल रिकामं होतं. मग त्याच्या पलीकडे, खिडकीकडे, खिडकीच्या पडद्यामागे. ‘कुठे आहेस तू?’ हे म्हणाले. आवाज लहान मुलासारखा झाला होता.

‘इथेच आहे,’ मी म्हटलं आणि हात आणखी घट्ट धरला. हे खुर्चीत उजवीकडे वाकले आणि मला स्टुलाखाली शोधायला लागले.